पालथ्या टोपलीवर

"मला त्या माणसाला हाकलायचंच हाय शेठजी. लय दिसांपासून हाकलायचंय. पण त्याचं ऐकून घेतल्याबिगर न्हाई."

महादेवीबाई हे बोलल्या तेव्हा त्यांच्या लुगड्याला जळक्या कापसाचा वास येत होता आणि हात कोपरापर्यंत ओले होते. समोर बन्सीधरशेठ उभे होते. सेलूच्या स्टेशनापलीकडची जिनिंग त्यांची. दुपारी कापसाच्या एका कोठीत आग लागली होती, अर्धी गंजी जळाली होती, आणि ज्याच्यावर संशय होता तो गेटवरचा वीरभद्र हौदाच्या कट्ट्याला टेकून बसला होता. बाईंचे शब्द त्याला ऐकू गेले. त्याला ऐकू जावेत अशाच आवाजात त्या बोलल्या होत्या.

बाई आणि वीरभद्र या दोघांच्या मध्ये काय होतं हे जिनिंगमधल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. बाहेरच्या माणसाला ते सांगायचं तर जुन्या जिनिंगपासून सुरुवात करावी लागते.

महादेवी मूळची वालूरची, लिंगायताची पोर. बापाचं बाजारात मीठ-मिरचीचं दुकान. ती पाळण्यात असतानाच मठातल्या स्वामींनी तिच्या गळ्यात लिंग बांधलं. तिला ते हातात धरता येत नव्हतं तोवर आई आपल्या लिंगाबरोबर तेही धुऊन, पुसून, पुन्हा तिच्या गळ्यात घालायची. पुढे हात मोठा झाला. रोज सकाळी लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची आणि मगच तोंडात पाणी घालायचं, हे तिच्या अंगात इतकं मुरलं की तो नेम आहे हे तिच्या ध्यानातही नसे. लग्न होऊन ती सेलूत आली. नवरा चंद्रप्पा पटकीच्या साथीत गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला घालवून दिलं नाही आणि जेवायला बोलावणंही हळूहळू थांबवलं. मठाजवळच्या गल्लीत एका खोलीत ती राहू लागली आणि जुन्या जिनिंगवर कामाला जाऊ लागली.

जिनिंगचं काम बायांचंच. यंत्रांच्या दोन रांगा, प्रत्येक यंत्रामागे एक बाई. तिने हाताने कापूस आत लोटायचा. पुढून रुई निघते, खाली सरकी पडते. दिवसभर पट्ट्यांचा घरघराट, हवेत कापसाची तूस. संध्याकाळी बाहेर पडताना सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत, तरण्या पोरीही म्हाताऱ्या दिसत. गेटवर झडती व्हायची. पदर झाडून दाखवायचा, ओटी झाडून दाखवायची. झडती घ्यायला बायनाबाई नावाची एक मराठ्याची बाई होती. जिभेने तिखट, पण हाताने कुणाला दुखवत नसे.

मालक हैदराबादेत राहायचे. कारभार वीरभद्र दिवाणजीच्या हातात. तोही लिंगायत. पहाटे पूजा केल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नसे, कपाळावरची विभूती संध्याकाळपर्यंत टिकवून असे. कामाला लिंगायत बाया बऱ्याच होत्या. दिवाणजी आपल्या लोकांना पाठीशी घालतो, असं कुणीतरी मालकाच्या कानात घातलं. तेव्हापासून हा माणूस बदलला. दुसऱ्या कुणाला दटावून सोडायचा तिथे लिंगायत बाईला तो घरी पाठवायचा. पुढे कधी मालक आले की म्हणायचा, "सरकार, माझ्यापाशी आपलं-परकं न्हाई." हे वाक्य त्याला फार आवडायचं. ते म्हणताना त्याची मान ताठ व्हायची.

हंगामाच्या पहिल्या दिवशी यंत्रांना हळदकुंकू लागायचं, नारळ फुटायचा, आणि पहिली निघालेली रुई मूठमूठ करून प्रत्येक बाईच्या ओटीत घातली जायची. देवापुढच्या वातींसाठी. ही जुनी रीत होती. बाया त्या रुईच्या वाती वळून वर्षभर पुरवायच्या. निजामी फसली सन तेराशे पंचेचाळीसच्या हंगामात महादेवीनेही आपली मूठ घरी नेऊन ठेवली. थंडीच्या दिवसांत तिच्या लिंगाच्या चांदीच्या डबीचं बिजागर मोडलं. सोनाराकडून डबी दुरुस्त होऊन येईपर्यंत तिने लिंग त्या सणाच्या रुईत गुंडाळलं, वरून पांढरं फडकं बांधलं आणि गळ्यात घातलं.

संध्याकाळी गेटवर तिच्या चोळीच्या गळ्यातून रुईचं टोक दिसलं. दिवाणजी स्वतः उभा होता.

"थांब गं. चोळीत काय हाय?"

"लिंग हाय दिवाणजी. डबी मोडली म्हणून—"

"मला तर रुई दिसायलीय."

"ती सणाची रुई हाय. मी सांगते, ऐकून तर घ्या. हात नका लावू देऊ कुणाला."

"एकेकीचं ऐकत बसलो तर जिनिंग चालंल का? तू आमच्यातली म्हणून तुला सोडू? बायनाबाई, काढ बाहेर."

बायनाबाई कचरली. "दिवाणजी, ती म्हणायलीय तर—"

"काढ म्हणतो ना!"

बायनाबाईने हात घातला. महादेवी मागे सरली. दोरा तुटला, फडकं सुटलं, आणि लिंग गेटच्या दगडी उंबऱ्यावर आपटून सरकीच्या धुळीत घरंगळत गेलं. गेटवरच्या पहारेकऱ्याला ते काय आहे हे ठाऊक नव्हतं. त्याने चांगुलपणानेच ते उचललं, फुंकर मारली, धोतराला पुसलं आणि तिच्यापुढे धरलं. वरचा काळा लेप एका बाजूने उडाला होता आणि आतला दगड उघडा पडला होता.

पहारेकऱ्याला ठाऊक नव्हतं, बायनाबाईला पुरतं कळत नव्हतं. तिथे उभ्या असलेल्यांत काय घडलंय हे ज्याला नेमकं कळलं असा पुरुष एकच होता. दिवाणजीचा हात आपोआप स्वतःच्या छातीकडे गेला. मागे रांगेतल्या बाया बघत होत्या. त्याला वाटलं असावं की आता आवाज खाली आणला तर या सगळ्या उद्या डोक्यावर बसतील. त्याने आवाज वर नेला.

"लिंगाच्या आड चोरी करतीस? उद्यापासून येऊ नको."

महादेवी घरी गेली. लिंग गेलेल्याने अन्नपाणी घ्यायचं नसतं. वालूरहून स्वामी येईपर्यंत ती ओठ न भिजवता भिंतीला टेकून बसली. शेजारणी दारातून डोकावून जात. आल्यावर स्वामींनी लिंग पाहिलं आणि मान हलवली. ते दुधना नदीत सोडून दिलं. तिला नवं दिलं. विधी रीतसर झाला, दोष गेला, असं स्वामी म्हणाले. पण नव्या लिंगाला आईचा हात लागलेला नव्हता, आणि आई आता या जगात नव्हती. कोणत्याही विधीने ते भरून येणार नव्हतं.

ती रडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. बायनाबाई एकदा तिच्या दाराशी येऊन बसली. म्हणाली, "पोरी, माझा हात जळून जावो." महादेवी म्हणाली, "तुझा हात कशाला? सांगणारं तोंड येगळं होतं." त्या दिवसापासून तिच्या आत एक जागा तयार झाली. तिथे वीरभद्र दिवाणजी रोज उभा असायचा आणि ती त्याला रोज काहीतरी विचारायची. त्याला उत्तर देता यायचं नाही.

बन्सीधरशेठनी नवी जिनिंग काढली तेव्हा त्यांना कामाची माहिती असलेल्या बाया हव्या होत्या. महादेवी गेली. दोन-तीन हंगामांत शेठनी तिला बायांची मुकादमीण केलं. आता तिला सगळे महादेवीबाई म्हणू लागले. मुकादमीण झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी गेटवरची झडती बदलली. बायांनी आपापला पदर आपण झाडायचा, कुणी कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. चोरी वाढेल म्हणून शेठ कुरकुरले. चोरी वाढली नाही. आणि त्यांनी दुसराही एक नेम घातला. कुणाची चूक झाली, तक्रार आली, की त्या माणसाला कामाच्या आधी सगळ्यांसमोर कापसाच्या पालथ्या टोपलीवर बसवायचं. तो बोलतोय तोवर दुसऱ्याने बोलायचं नाही. त्याला बोलायला वेळ लागला तर तेवढा वेळ थांबायचं. आणि ज्या दिवशी चूक झाली त्या दिवशी निकाल द्यायचा नाही. निकाल दुसऱ्या दिवशी.

बायांना आधी या टोपलीचं हसू यायचं. "आज कोन बसणार गं टोपलीवर?" "मीच बसते, पाय दुखायलेत माझे." मग हळूहळू त्या टोपलीला वजन आलं. एका पोरीने यंत्राचा पट्टा सुटला तेव्हा पळ काढला होता, ती टोपलीवर बसल्यावर कळलं की तिला दिवस गेलेत. एकीने खरंच रुई नेली होती. तिला बाईंनी कामावरून काढलं, पण दुसऱ्या दिवशी, नीट ऐकून, आणि तिला काढताना आवाज चढवला नाही. ती बाई पुढे बाजारात भेटली तर महादेवीबाईंशी बोलायची.

लोक म्हणायचे, बाई लय थंड डोक्याची. बाई न्यायाची. शेठ तर पाहुण्यांना हा नेम आपणच घालून दिला म्हणून सांगत. खरी गोष्ट कुणाला माहीत नव्हती. महादेवीबाईंच्या त्या सबुरीत दया फार थोडी होती. टोपलीवर कुणीही बसलेलं असो, बाईंच्या मनात समोर वीरभद्र असायचा आणि प्रत्येक वेळी त्या त्याला दाखवत असत: बघ, असं विचारायचं असतं. असं थांबायचं असतं. एवढं सोपं होतं ते. प्रत्येक निकालात तो हरत होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. हेच बाईंना पुरत नव्हतं.

मग जुनी जिनिंग बंद पडली. मालकाने यंत्रं विकली. दिवाणजी तोवर म्हातारा झाला होता, बायको गेली होती, मुलगा गंगाखेडला सासऱ्याच्या दुकानात बसत होता आणि बापाला बोलावत नव्हता. एक दिवस वीरभद्र बन्सीधरशेठच्या दारात येऊन उभा राहिला. शेठनी महादेवीबाईंना विचारलं, "बाई, तुमचं त्याचं मला ठाऊक आहे. तुम्ही नको म्हणाल तर मी नको म्हणतो."

"ठेवा," बाई म्हणाल्या. "गेटवर ठेवा."

बायनाबाई तोवर त्यांच्याच हाताखाली काम करत होती. तिने कपाळावर हात मारला. "कशाला घ्या म्हनलं बाई त्या मेल्याला? मी असते तर दारातून कुत्रं सोडलं असतं."

"दारातून गेला असता तर डोळ्याआड झाला असता," बाई म्हणाल्या. "आता रोज दिसंल."

आणि तो रोज दिसू लागला. सकाळी गेटची खिडकी त्यानेच उघडायची आणि बाईंनी आत जायचं. इतर सगळे त्याला वीरभद्रप्पा म्हणत. बाई मात्र 'दिवाणजी'च म्हणायच्या. "दिवाणजी, खिडकी उघडा." "दिवाणजी, हौदात पाणी हाय का बघा." त्या शब्दाने तो दर वेळी थोडा वाकायचा. त्याचं कामही आता झडतीचंच होतं, पण वेगळं. आत जाणाऱ्यांच्या खिशातल्या काड्यापेट्या आणि बिड्या काढून घ्यायच्या आणि सुटीच्या वेळी परत द्यायच्या. जिनिंगमध्ये एक ठिणगी पडली तर सगळं संपतं. कामात तो चुकत नव्हता. बाई वाट पाहत होत्या. हंगाम आला, गेला, पुन्हा आला. आज ना उद्या तो चुकेल, टोपलीवर येईल. त्यांना घाई नव्हती.

आग लागली ती दुपारच्या भाकरीच्या वेळी. बाया हौदाच्या सावलीत शिदोऱ्या सोडून बसल्या होत्या. कोठीतून धूर निघाला तशा त्या जेवण टाकून धावल्या. हौदापासून कोठीपर्यंत रांग लावून बादल्या पुढे गेल्या. बाई सगळ्यांत पुढे होत्या. धुरातून वीरभद्र बाहेर आला. दोन्ही हात भाजलेले, बंडी जळालेली, पागोटं नाही. गेट सोडून हा आत काय करत होता? आग विझल्यावर गंजीजवळ काड्यापेटी सापडली, आणि ती त्यानेच सकाळी एका हमालाकडून काढून घेतलेली होती.

"कुठं गेला होतास? कशाला गेला होतास?" शेठ ओरडले. वीरभद्र आपल्या भाजलेल्या हातांकडे बघत राहिला.

"कुणी पैसे चारले? बोल! पोलिसांच्या अमीनसाहेबाच्या हवाली करतो, तिथं बोलशील."

 शेठ बाईंकडे वळले. "आता तरी काय विचारायचं राहिलंय? तुम्ही फक्त हो म्हणा."

एक 'हो' पुरला असता. सगळ्या बाया बघत होत्या. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या चेहऱ्यावर तो 'हो' आधीच उमटला होता. तेव्हा महादेवीबाईंनी ते 'ऐकून घेतल्याबिगर न्हाई'चं वाक्य म्हटलं आणि शेठ हात झटकून म्हणाले, "ठीक आहे, उद्या सकाळी बसवा टोपलीवर. पण उद्या दुपारी अमीन येणार."

कोठीला शेठनी कुलूप घातलं. वीरभद्रला गेटच्या खोलीत बसवून बाहेर राखण ठेवली.

त्या संध्याकाळी घडलेली एक गोष्ट मात्र बाईंखेरीज कुणाच्या लक्षात आली नाही. धुराने सगळ्यांचे घसे कोरडे पडले होते. बाया ओंजळीने हौदातलं पाणी पीत होत्या. बायनाबाईने, कितीही शिव्या दिल्या तरी, तांब्या भरून वीरभद्रपुढे ठेवला. त्याने तो ओठाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. त्याचा भाजलेला हात पुन्हा पुन्हा बंडीच्या गळ्याशी जात होता, आत चाचपत होता आणि परत येत होता.

महादेवीबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. तहान लागलेला माणूस पाणी का खाली ठेवतो हे त्यांना जितकं माहीत होतं तितकं तिथे कुणालाच माहीत नव्हतं. त्या शेठला सांगू शकल्या असत्या. कोठी उघडायला लावून, उजेड होता तोवर, शोध घेता आला असता. त्यांनी तसं केलं नाही. "निकाल उद्या," त्या म्हणाल्या. नेमच होता तो. त्यावर कुणी बोट ठेवू शकलं नसतं. घरी जाऊन त्यांनी अंघोळ केली, चूल पेटवली आणि भाकरी नेहमीपेक्षा सावकाश खाल्ली. वर तांब्याभर पाणी प्यायल्या.

सकाळी पटांगणात टोपली पालथी घातली. बाया गोल करून बसल्या. शेठ खुर्ची टाकून बसले. वीरभद्रला आणलं तेव्हा त्याचे ओठ फुटले होते.

"बसा दिवाणजी."

"मी हुभाच बरा."

"हितं सगळे बसूनच बोलतात."

तो बसला. टोपली करकरली. मागून कुणीतरी म्हणालं, "मोडंल की गं." बायनाबाई म्हणाली, "मोडू दे. आजच्यासाठी एक टोपली गेली तर म्या नवी विणून देते." हसू पिकलं. बाईंनी नुसतं मागे पाहिलं, ते थांबलं.

"काल गेट सोडून तुमी कोठीत गेलतात?"

"हाव."

"कशाला?"

त्याने फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली.

"काडी तुमी वढली?"

"हाव."

"झालं!" शेठ उठले. "कबूलच करायलाय तो."

"शेठजी, टोपलीवरच्याचं संपेस्तोवर दुसऱ्यानं बोलायचं न्हाई," बाई म्हणाल्या. "नेम तुमीच घालून दिलाय म्हणता ना सगळ्यांना?"

शेठ बसले. बायांनी पदर तोंडाला लावले.

"काडी कशाला वढली?"

वीरभद्र जमिनीकडे पाहत राहिला. कामाचा भोंगा झाला. कुणी उठलं नाही. यंत्रं थांबलेली, पट्टे लोंबत असलेले. बाई काही बोलत नव्हत्या, काही विचारत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या. बायनाबाईला ते सहन होईना. ती वाकून बाईंच्या कानाशी म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "बाई, बंडीत हात घालून बघू का, काय लपवायलाय ते? त्यानंच शिकवलंय मला. एकडाव घातलाय म्या हात, आता दुसऱ्यांदा घालते."

 वीरभद्रचे दोन्ही हात छातीवर गेले, तिथे काही नसताना.

महादेवीबाईंनी बायनाबाईच्या हाताकडे पाहिलं. इतकी वर्षं आतल्या जागेत उभा असलेला माणूस आज समोर बसला होता, आणि तोच हात, तीच बाई, तोच हुकूम त्यांच्या तोंडाशी आला होता. 'काढ' एवढाच शब्द. त्यांनी त्या शब्दाकडे बराच वेळ पाहिलं. तो त्यांना गोड वाटला, खोटं कशाला सांगायचं?

"न्हाई," त्या म्हणाल्या. "हितं कुणाच्या अंगाला हात लागत न्हाई." मग टोपलीकडे वळल्या. "दिवाणजी, कालपासून पाणी प्यालात का तुमी?"

वीरभद्रने वर पाहिलं. हा प्रश्न त्या पटांगणात फक्त एकच माणूस विचारू शकत होता, आणि तो त्यांनीच विचारला होता. त्याचा चेहरा पडवीतली भिंत पावसाने खचावी तसा खचला.

"न्हाई," तो म्हणाला.

मग तो बोलला. दुपारी ऊन सोसवेना म्हणून गेट सोडून कोठीत गंजीवर आडवा झालो. तसं करू नये हे ठाऊक होतं. डोळा लागला. उठलो तर दोरा तुटलेला. लिंग न्हाई. कापसात हात घालत गेलो, अंधार होता, काही दिसंना. खिशात हमालाची काड्यापेटी होती. "जिनिंगमधी काडी वढू नये हे मी लोकान्ला सांगतो. पण त्या वक्ताला डोकं काम करंना. लिंग गेलं म्हणल्यावर..." त्याने बाईंकडे पाहिलं. पुढचं बोलला नाही. "तूस पेटली. हातानं इझवाया गेलो."

"काल का न्हाई सांगितलं?" शेठनी विचारलं. आवाज उतरला होता.

"कुणापुढं सांगू शेठजी?" तो म्हणाला. "ह्यांच्यापुढं?"

बाई उठल्या. कोठी उघडायला लावली. ओला, अर्धवट जळालेला कापूस बायांनी मूठमूठ करून बाहेर काढायला सुरुवात केली. "कुणाला दिसलं तर हात लावू नका, हाक मारा," बाईंनी बजावलं. पटांगणात ढीग वाढत गेला. मग न जळालेल्या कोपऱ्यातून बायनाबाईची हाक आली. ती हात मागे घेऊन उभी होती. वीरभद्र गुडघ्यावर बसला आणि त्याने ते स्वतः उचललं.

लिंग शाबूत होतं. लेपाला चीरही गेलेली नव्हती. महादेवीबाईंनी ते वाकून पाहिलं. ते फुटलेलं असावं असं त्यांना आतून वाटत होतं, आणि ते तसं नव्हतं. त्या सरळ उभ्या राहिल्या.

वीरभद्रने हौदावर जाऊन हात धुतले, लिंग धुतलं, तिथेच कट्ट्याला पाठ करून डोळे मिटून पूजा केली. मग पाणी प्यायला.  बायांतल्या कुणीतरी नाक ओढलं.

कोठीच्या ओसरीवर शेठ आणि बाई उभे होते. "बोला बाई," शेठ म्हणाले, "काय करायचं?"

"यानं मुद्दाम आग लावली न्हाई. तेव्हा अमीनसाहेबाचं काम न्हाई," बाई सावकाश म्हणाल्या. "पण यानं जागा सोडली, आत झोपला आणि जिनिंगमधी काडी वढली. दुसऱ्या कुणी वढली असती तर म्या त्याला आत ठेवलं नसतं. यालाबी ठेवणार न्हाई. गेटवरनं काढा. बाहेर सरकीच्या खळ्यात काम द्या. मोकळं हाय तिथं."

"हाकलायचं म्हणत होतात ना?"

"हाकलायचंच होतं. त्याचं ऐकलं, म्हणून एवढंच."

शेठनी मान डोलावली. निकाल बायांपर्यंत पोचला. कुणाला तो कमी वाटला, कुणाला जास्त. पण वाकडा आहे असं कुणी म्हणालं नाही. बायनाबाई पुटपुटली, "माझ्या हाताचं आधी ऐकलं असतंत बाई, तर एवढी पिरपीर नसती," पण तिच्याही आवाजात जोर नव्हता.

बाई आत जाऊन आपली शिदोरी घेऊन आल्या. यंत्रं आज चालणार नव्हती. बाहेर पडायच्या दारात वीरभद्र उभा होता. ओला चेहरा, गळ्यात नव्याने गाठ मारलेला दोरा. तो बाजूला सरला नाही.

"अक्का," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याने त्यांना असं कधी म्हटलं नव्हतं. "त्या दिशी तुमचं खाली पडलं, तवाच मला कळलं होतं. पडलं त्याच घडीला. तरी मी बोललो ते बोललो. काल रातभर मला तेच दिसत होतं. तुमी आज माझं ऐकून घेतलं. एक म्हना फक्त. गेलं ते गेलं, म्हना. मला दुसरं काय नको."

बाया थबकल्या. शेठ हळूच म्हणाले, "म्हणा बाई. मोठ्या मनानं म्हणा. एवढा न्याय केलात, आता हेही करा."

महादेवीबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा चेहरा असा उभा राहावा, असा मागत, एवढ्यासाठीच त्या जगत आल्या होत्या. आणि तो आता समोर होता. त्याचं ऐकून घेणं हा नेम होता, तो त्यांनी पाळला. पण हा माणूस जे मागत होता ते नेमातलं नव्हतं. ते त्यांचं एकटीचं होतं, वालूरच्या घरातलं, आईच्या ओल्या हातातलं. शिवाय काल संध्याकाळी त्याने न पिता खाली ठेवलेला तांब्या, जो पाहून सगळं कळूनही त्यांनी रात्र जाऊ दिली होती. त्याबद्दल यांना कुणालाच काही माहीत नव्हतं. त्याचं 'गेलं' म्हणायचं तर मग त्या तांब्याचंही काहीतरी म्हणावं लागलं असतं, आणि ते त्या म्हणणार नव्हत्या. त्याच्यापुढे तर नाहीच.

"अक्का?" वीरभद्र म्हणाला.

त्यांनी पदर खांद्यावरून घट्ट ओढला, दारात उभ्या असलेल्या त्याच्या बाजूने, त्याला पदराचा वाराही लागू न देता, पलीकडे पाऊल टाकलं आणि कुणाकडे न पाहता, एक शब्द न बोलता, गेटमधून बाहेर पडल्या.